दगडू मिस्त्रीचं बारीक दातांचं पातं

दगडू मिस्त्री लोखंड कापायच्या आधी त्याला शिव्या द्यायचा. मनात नाही, मोठ्यानं. "उंडग्या, कुठल्या कारखान्यातनं पळून आलास?" असं विचारायचा, दोन टिचक्या मारायचा, कान लावायचा आणि मग ठरवायचा, ह्याला छिन्नी लागेल का करवत. गाव हसायचं. त्याचं ठरलेलं उत्तर, "घाई कुणाला हाय? मला न्हाय, लोखंडाला न्हाय."

माझी शाळा चौथीत सुटली. लिहायची सवय नाही. पण गावाला हा माणूस अर्धाच ठाऊक आहे, म्हणून लिहितो.

दुष्काळाचे दिवस होते. आमच्या गावात पिकत होतं ते फक्त ऊन. सरकारनं तेवढं ओळखलं आणि दूध सोसायटीला उन्हावर चालणारा दिवा दिला. सोलर म्हणायचे. काचेची पाटी छपरावर बसवायची, तिच्याखाली लोखंडी पट्ट्या. कळंबहून पट्ट्या आल्या त्या पाहिजे त्यापेक्षा हातभर जास्त लांब. त्या कापायच्या होत्या, आणि साहेब परवा बघायला येणार होते.

सोसायटीची आणि माझ्या घराची भिंत एकच. भिंतीआड पारू, माझी बायको, पडून होती. आता ती नाही, तेव्हा होती. धाराशिवच्या दवाखान्यातनं नुकतीच आणली होती. डॉक्टर म्हणाले होते, झोप लागली तरच डोक्याचं दुखणं उतरेल. आणि तिला तर तांब्या वाजला तरी ओकारी यायची. मी सोसायटीच्या सेक्रेटरींना म्हणालो, "चार दिवस थांबा." ते म्हणाले, "साहेब थांबतील का?" मिस्त्री शेजारीच बिडी ओढत होता. त्यानं मानसुद्धा वळवली नाही.

सेक्रेटरींनी भाड्यानं विजेचं कटर आणलं. त्या दिवशी नेमकी वीजही होती. पाहुणा चपला घालून चुलीपाशी आल्यावर बघावं, तसं मिस्त्रीनं कटरकडं बघितलं.

"ह्यानं पट्टी तापती. वरचा मुलामा जळला की गंज धरंल."

"मग छिन्नीनं तोडा."

"कड वाकडी हुईल."

"मग करवत घ्या! पण घ्या कायतरी!"

करवतीचंही सरळ नाही. जाड दातांचं पातं त्यानं बाजूला टाकलं. "हे पातळ पट्टीत अडकतंय, अन् लई किंचाळतंय." शेवटी सगळ्यांत बारीक दातांचं निवडलं. पट्टीला ओलं पोतं गुंडाळलं, पात्याला तेल चोळलं आणि बसला घासत. सेक्रेटरी म्हणाले, "मिस्त्री, लोखंड कापताय का त्याला न्हाऊ घालताय?" मीही बोललो, "दगडू, उंदरानं ह्याच्याआधी कुरतडलं असतं." तो घासतच राहिला. त्या दिवशी लोखंडालासुद्धा शिवी नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कशीबशी शेवटची पट्टी बसली.

पारू दोन्ही दिवस झोपली. मी डॉक्टरच्या गोळ्यांचं कौतुक गावभर सांगत फिरलो.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावी गेलो. तिथल्या सोसायटीवर हाच मिस्त्री, तेच कटर, तसल्याच पट्ट्या. ठिणग्या उडत होत्या आणि हा लोखंडाच्या आईबापाचा उद्धार करत होता.

"अरे, मुलामा जळतो ना?"

"जळू दे की. कापल्यावर कडंला रंग लावायचा, झालं."

"मग आमच्याकडं दोन दिवस कशाला घासत बसलास?"

त्यानं कटर बंद केलं. "वैनी निजल्या व्हत्या."

"तोंडानं सांगायचं होतंस! सेक्रेटरीचं ऐकून का घेतलंस?"

"सांगायचं काय त्यात? अन् खरं सांगू, मला बरं वाटलं. माझ्या घरात दिवसभर ठणठण केली तरी उठणारं कोण हाय? आवाज दाबायचा म्हणलं तर कुणीतरी निजलेलं लागतंय."

घरी येऊन पारूला सांगितलं. ती म्हणाली, "उद्या जेवायला बोलवा."

आला. टोपी काढून भिंतीकडं बसला. आमटीची वाटीसुद्धा दोन बोटांनी उचलून हळूच ठेवत होता. पारू बघत होती. तिनं पळी पातेल्यावर मुद्दाम आपटली.

"भावजी," ती म्हणाली, "वाजू द्या. मी जागी हाय."