हौसाबाईची पाच पावलं

पाणकणसाच्या उंच गवताचं बेट जवळ आलं की हौसाबाई हातातलं दोरीचं टोक सोडून द्यायची. सांगायची नाही, खुणवायची नाही. सरळ सोडायची.

आमच्या रानाच्या कडेला निचऱ्याचा चर आहे. उसाला दिलेलं जादा पाणी त्यात उतरतं आणि पुढं ओढ्याला जातं. चरात जलपर्णी दाटली की पाणी तुंबतं. मग दोघांनी दोन काठांनी चालायचं, मधे दोरी, दोरीला बाभळीची फांदी बांधलेली, आणि पाण्यावरचं सगळं रेटत ओढ्यापर्यंत न्यायचं. एकट्याचं हे काम नाही. मी अलीकडच्या काठावर, माझी बायको हौसाबाई पलीकडच्या.

त्या दिवशीही तिनं टोक सोडलं आणि मी मागं पडता पडता राहिलो.

"अगं ए, सांगून तरी सोडत जा की!"

"अकरा वर्सं झाली. अजून सांगाय लागतंय व्हय?"

"तेवढं बेट काढ एकदा. पाया पडतो तुझ्या."

"पडा की. चिखुल हाय, जपून पडा."

मी दोरी गोळा केली. ती बेटामागनं पाच पावलं चालून पुढं आली, मी टोक पुन्हा फेकलं, तिनं झेललं. ओढ्यापर्यंत दोघं भांडत गेलो. घरी येऊन मी कालवण खारट झालं म्हणालो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम. तिसऱ्या दिवशी दुपारी जोंधळं निवडता निवडता ती भिंतीला टेकली, ती टेकलीच.

ही बाई कशी होती ते सांगतो.

बायका देवळात जातात, बाजारात जातात, माहेरी जातात. ही चराला जायची. रोज दुपारी, जेवणखाण आवरलं की पदर खोचून निघाली. चरातल्या एकेका झाडपाल्याला तिनं नातं लावलेलं. जलपर्णी म्हणजे पावणी. "दोन दिस ऱ्हाते म्हणून आली न् घर धरून बसली," म्हणायची. जांभळी फुलं बघून कुणी वा म्हटलं की हिला राग यायचा. "रूप बघून सून आणली की असंच हुतंय." पाण्यावर हिरव्या टिकल्यांचा थर यायचा, त्या शाळेतल्या पोरी, कारण एक आली की शंभर येतात. नाळीची भाजी ही मावशी, कारण ती खायला घालते. काठावरच्या बेशरमाच्या झुडपाला मात्र तिनं नातं लावलं नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुमी रागावशिला."

चराकडं बघून ती रानाचं सांगायची. शेवाळ दाट झालं की म्हणायची, "तुमचा युरिया चरानं खाल्ला. उसाला काय ऱ्हायलं न्हाय." आणि खरंच निघायचं. मी मुठीनं जास्त टाकलेला असायचा आणि वरनं पाणी सोडलेलं असायचं. बांधाला लव्हाळा वाढला की ती तिथली माती चिमटीत घेऊन जिभेवर ठेवायची आणि थुंकायची. "खारवाय लागलीया." दोन वर्षांनी त्या जागेवर पांढरं फुटलं.

एकदा शेतीखात्याचा एक तरुण साहेब आला. काठावर उभा राहून पुस्तकात बघून चरातल्या गवताचं सांगू लागला. हौसाबाई कमरेएवढ्या पाण्यातनं म्हणाली, "सायब, बूट काढून आत या की. वरनं कसं कळंल?" तो आला बिचारा. तासाभरानं बाहेर आला तेव्हा त्याच्या वहीची चार पानं भरली होती आणि पायाला दोन जळवा होत्या. हिनं हळद लावली, चहा पाजला, आणि जाताना नाळीच्या भाजीची पेंडी हातात दिली. पुढं कधी आला की आधी हिला विचारायचा. मला कुणी विचारत नव्हतं.

एवढी शहाणी बाई, पण त्या पाच पावलांत तिची अक्कल कुठं जायची कळत नव्हतं. सगळा चर साफ आणि मधेच पुरुषभर उंचीचं पाणकणीस. पाणी तिथं अडायचं आणि माझा खालच्या कोपऱ्यातला ऊस पिवळा पडायचा. विचारलं की म्हणायची, "पाण्याला बी कुटंतरी बसाय जागा लागती." पुढं म्हणायची, "बेटाच्या खालच्या अंगाला बघा, पाणी कसं नितळ हाय. म्हस वरचं पीत न्हाय, खालचं पिती." हे खरं होतं. म्हैस खालचंच प्यायची. म्हणून मी गप्प बसायचो, म्हणजे भांडून मग गप्प बसायचो.

आता दुसऱ्या काठाचं सांगतो, कारण त्यात माझं तोंड आहे.

तो काठ अण्णाचा. अण्णा जैन, तीन पिढ्यांचा शेजार. अर्धा चर त्यानं काढायचा, अर्धा आम्ही, अशी वडलांपासनंची रीत. एका श्रावणात पाणी माझ्या उसात शिरलं. मी गेलो आणि म्हणालो, "अण्णा, तुमची बाजू काढा." अण्णा म्हणाला, "आबा, चातुर्मास हाय. पाण्यात बेडकं हैत, माशाची पिल्लं हैत. दिवाळी होऊ दे, मी सोत्ता उतरतो." मला राग आला. देवळापुढं दहा माणसं बसलेली, त्यांच्यासमोर मी म्हणालो, "तुमचा धरम चर काढायच्या वक्तालाच बरा जागा हुतोय!"

अण्णा उठून गेला. दिवाळी झाल्यावर गडी लावून त्यानं त्याची बाजू काढली, पण माझ्याशी बोलणं संपलं. मीही म्हणालो, संपू दे. घरी येऊन हौसाबाईला ताकीद दिली, त्या घराशी बोलायचं नाही. मी त्या काठावर पाय ठेवणार नाही. "मग दोरीचं दुसरं टोक कोण धरनार?" तिनं विचारलं. "तू धर," मी म्हणालो. असा तो काठ तिच्या वाट्याला आला. दोरी तेव्हापासनंची आणि बेटही तेव्हापासनंचं. हे दोन्ही जोडून बघायची अक्कल मला अकरा वर्षांत आली नाही.

ती गेल्यावर तेरावं झालं. पोरगा कोल्हापूरला राजारामपुरीत दुकानात कामाला आहे, तो आला, राहिला, गेला. चर काढायला गावात मशीन आलं होतं. पावसाआधी ज्याला त्याला घाई. मी नंबर लावला आणि मशीनवाल्याला बजावून सांगितलं, पाणकणसाचं बेट पहिल्यांदा काढायचं. खरं सांगायचं तर ते मला बघवत नव्हतं. चराकडं गेलं की डोळा आधी तिथंच जायचा आणि तिथं कुणी नसायचं.

मशीन येणार त्याच्या आदल्या दुपारी मी चुन्याची फक्की घेऊन खुणा करायला गेलो. बेटापाशी आलो तर पलीकडनं आवाज आला. बाईमाणसाचा, हळू. मी पाती बाजूला केली. पलीकडच्या काठावर अण्णाची बायको बसलेली, पदमावैनी. माहेर गडहिंग्लजच्या खालच्या अंगाला, त्यामुळं अजून बोलण्यात कानडी हेल. एकटीच बसून बोलत होती. मला बघून दचकून उभी राहिली.

"वैनी, हितं काय करताय?"

"काय न्हाय, भावजी. बसलेय."

"कुणासंगं बोलत हुता?"

ती पाण्याकडं बघत म्हणाली, "हौसाक्कासंगं. सवय हाय. अकरा वर्सं रोज दुपारी आमी हितंच बसायचो की."

मी खाली बसलो.

"ती कुटं बसायची?"

"हितं, माझ्या शेजारी. तिकडनं तुमी बघितलं तर दिसू ने, म्हणून तिनं हे राखलं. म्हणाली, अक्का, एवढं काय मी काढू देत न्हाय."

"मला का न्हाय सांगितलं?"

पदमावैनी पहिल्यांदा हसली. "सांगितलं असतं तर तुमी दुसऱ्या दिशी विळा घिऊन आला असता."

आलो असतो. खोटं कशाला बोलू?

"काय बोलायचा रोज रोज?"

"समदं. पोरांचं, गुडघ्यांचं, भाजीचं. चातुर्मासात आमी पालेभाजी खात न्हाय, तर ती बी सांगायची, आज मी बी खाल्ली न्हाय. तुमचं बी बोलायची."

"काय म्हणायची?"

"म्हणायची, आज कालवणाला नावं ठिवली न्हाईत, तब्येत बरी न्हाय वाटतं त्यांची."

फक्कीची पिशवी हातातच राहिली. मी म्हणालो, "वैनी, उद्या मशीन येतंय. हे काढाय सांगितलंय मी."

तिनं एक पात हातात धरलं, सोडलं. "काढा की. ऊस पिवळा पडतोय तुमचा. आता कुणापासनं लपायचंय?" आणि पदर सारखा करून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चराच्या तोंडाशी लागलं. मी मशीनवाल्याला म्हणालो, थांब. पूल लांब होता, म्हणून मी चरातच उतरलो. पाणी मांडीपर्यंत आलं. पलीकडच्या काठावर चढलो आणि तसाच ओल्या धोतरानं अण्णाच्या दारात गेलो. अण्णा सोप्यात पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली केला. रात्रभर मी शब्द जुळवले होते.

"अण्णा," मी म्हणालो, "देवळापुढं बोललो ते वाईट बोललो."

अण्णानं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. "बोलला हुता खरं."

"मशीन आलंय. तुमच्या बाजूनं कुटवर काढायचं, येऊन दाखवा."

त्यानं पायात चपला सरकवल्या. दोघं काठानं चालत आलो. बेटापाशी येऊन तो थांबला आणि म्हणाला, "सगळं काढा. एवढं न्हाय."

मी त्याच्याकडं बघितलं. "तुमाला ठावं हुतं?"

"आबा, माझ्या काठावर रोज दोन बायका बसायच्या, आणि मला ठावं नसंल व्हय?" तो म्हणाला. "म्हणून तर हे बेट मी माझ्या बाजूनं बी कदी काढलं न्हाय. आमची ही हल्ली घरात घास खात न्हाय. हितं येऊन बसली की मग जेवती."

सगळ्या शिवारात मीच एक आंधळा होतो.

मशीनवाला कंटाळून हॉर्न वाजवत होता. मी त्याला हात केला, बेटाच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक अशा फक्कीच्या दोन रेघा मारल्या, आणि मधलं सोडून काढ म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "आजोबा, पाणी तुंबंल की हो तितं."

"तुंबू दे," मी म्हणालो, आणि मशीन पुढं जाईपर्यंत दोन रेघांच्या मधे उभा राहिलो.