रेडिओकाका पुस्तक होतात

"मला फक्त वीस मिनिटं द्या. समोरचा माणूस खुर्चीला चिकटला नाही, तर नाव बदलेन!" रेडिओकाकांनी जाहीर केलं.

बायको भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "नाव कशाला बदलता? गोष्ट बदला."

काका जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले. बोलू लागले की बंद करायचं बटण सापडत नाही, म्हणून बिल्डिंगने त्यांना रेडिओकाका करून टाकलं होतं. त्यांची गोष्ट एकच. भर सकाळी एका लिफ्टमध्ये एक न्यायाधीश आणि एक चोर अडकले, तेही त्याच चोराच्या खटल्याच्या दिवशी! लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे लटकलेली आणि तिच्या टपावर हातात पाना घेऊन काका! गोष्ट खरी होती, पण कित्येक वर्षांत तिचा शेवट घरात कुणी ऐकला नव्हता. "तेवढ्यात न्यायाधीशांना शिंक आली" हे वाक्य आलं की मुलीचा फोन वाजे. जावयाला तर नेमकी त्याच वाक्याला तहान लागे.

त्या दिवशी काका वाचनालयात गेले होते शिडी आणायला. त्यांच्या भागातलं वाचनालय पुस्तकांसोबत शिडी, शिलाई मशीन, केकचे साचेसुद्धा घरी नेऊ देई. तिथे भिंतीवर पाटी दिसली : जिवंत पुस्तक! ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही आहे त्यांनी रविवारी सकाळी पुस्तक म्हणून बसायचं आणि वाचकांनी कार्ड दाखवून त्यांना वीस मिनिटांसाठी घ्यायचं. काका शिडी विसरले आणि नाव नोंदवून घरी आले.

"एकाने जरी शेवटपर्यंत ऐकली, तर तुम्हा सगळ्यांना ती पुन्हा पहिल्यापासून ऐकावी लागेल," काका म्हणाले.

"आणि नाही ऐकली तर?"

"तर या घरात ती गोष्ट पुन्हा काढणार नाही!"

बायकोची सुरी थांबली. मुलगी तोंडात ब्रश तसाच ठेवून बाथरूममधून धावत आली. "बाबा, शपथ?"

"शपथ!"

रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले. ग्रंथपालबाईंनी त्यांच्या खिशावर नंबराची चिठ्ठी चिकटवली आणि प्रवासवर्णनं व पाककृती यांच्या मधल्या खुर्चीत त्यांना बसवलं.

"नियम ऐका. पुस्तकाने वाचकाला नाही म्हणायचं नाही. वाचक बोलत असेल तर मधे तोडायचं नाही. आणि वाचक बसलेला असताना जागेवरून उठायचं नाही."

"पाणी तरी पिऊ शकतो ना?"

"पुस्तक पाणी पीत नाही," बाई म्हणाल्या. "भिजतं."

पहिली वाचक म्हणून एक आजी आल्या. काकांनी घसा साफ केला. "तर, ती लिफ्ट..."

"लिफ्टचं नावच काढू नका!" आजी म्हणाल्या, आणि सुटल्या! त्यांच्या बिल्डिंगची लिफ्ट, त्यांचे गुडघे, सुनेने केलेलं नवं स्वयंपाकघर आणि त्यात मुद्दाम उंच लावलेली कपाटं! काकांचं तोंड उघडलेलं होतं, ते त्यांनी हळूच मिटलं. नियम म्हणजे नियम. घंटा वाजली तेव्हा आजी नुकत्या डाळीच्या डब्यापर्यंत पोचल्या होत्या.

"मुदत वाढवून द्या हो," त्यांनी बाईंना सांगितलं. "पुस्तक आत्ता कुठे रंगात आलंय!"

दुसऱ्याची मागणी नव्हती. बाईंनी मुदत वाढवली.

मग आले दातांचे डॉक्टर. "तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं मी माणसांशी बोलतोय, पण माझे हात त्यांच्या तोंडात! उत्तर येतं ते नुसतं 'आ'! कसं वाटत असेल मला?" काका सांगायला गेले, तोवर डॉक्टर पुढच्या प्रश्नावर होते. मधे एकदा काकांनी हिय्या करून तोंड उघडलं, तर डॉक्टर सवयीने आत डोकावले.

"मागची दाढ दाखवून घ्या," ते म्हणाले आणि पुढे बोलू लागले.

जाताना दोघांनी अभिप्रायाच्या फळ्यावर खडूने एकच गोष्ट लिहिली : "पुस्तक अप्रतिम. मधे बोलत नाही."

झालं! पुढच्या रविवारी काकांसमोर रांग लागली. गावातले झाडून सगळे बोलघेवडे, ज्यांना बघून लोक रस्ता ओलांडत, ते कार्ड घेऊन उभे! शेजारच्या खुर्चीतला हॉटेलचा निवृत्त आचारी रिकामा बसून जळत होता.

"एवढी काय गोष्ट आहे हो तुमची?"

"तेच तर कुणाला माहीत नाही!" काका कळवळून म्हणाले.

घरी बायकोने विचारलं, "ऐकली कुणी?"

"मागणी प्रचंड आहे."

"गोष्ट ऐकली का, ते विचारतेय."

काकांनी पोळीचा तुकडा उगाच वाटीत फिरवला. नंतर ते बोललेच नाहीत. शपथ पाळायची म्हणून त्यांनी गोष्ट बंद केली आणि तिच्यासोबत बाकीचंही बंद पडलं. दोन दिवस घराने मजेत काढले. तिसऱ्या दिवशी जेवताना चमच्यांचे आवाज ऐकू येऊ लागले. बायकोने भाजीत दोनदा मीठ घातलं, तरी काका "छान झालीय" एवढंच म्हणाले. तेव्हा मात्र ती घाबरली!

पुढच्या रविवारी रांगेत सगळ्यांत पुढे बायको होती. हातात कोरं करकरीत कार्ड.

"बसले," ती म्हणाली. "सांगा."

काकांचा विश्वास बसेना. मग त्यांनी सुरुवात केली. लिफ्ट अडकली. चोर घामाघूम झाला. न्यायाधीशांना शिंक आली! काकांनी दचकून बायकोकडे पाहिलं. ती उठली नव्हती. ते अनोळखी गल्लीत शिरल्यासारखे जपून पुढे निघाले. "मी टपावर... पाना लावला... आणि..."

"आणि?"

काका थांबले. कपाळ चोळलं. छताकडे पाहिलं. काहीच येईना!

"अहो, आठवत नाही?"

"अगं, इतक्या वर्षांत तिथपर्यंत कुणी जाऊच दिलं नाही ना!"

बायकोने सुस्कारा सोडला. "मला आठवतं. त्या संध्याकाळी चपला काढता काढता मलाच तर पहिल्यांदा सांगितलं होतंत. वीज गेली होती. ती आली. लिफ्ट आपली आपण खाली गेली, टपावर तुम्हाला घेऊन."

"आणि पाना?"

"तो तुम्ही चुकीच्याच नटाला लावला होता."

घंटा वाजली. ग्रंथपालबाई येऊन काकांच्या खिशावरची चिठ्ठी काढू लागल्या. "हे पुस्तक यादीतून काढावं लागेल. शेवटचं पान गहाळ आहे."

"पान माझ्याकडे आहे," बायको म्हणाली. "मी यांना घरी नेते."

"जिवंत पुस्तकं घरी नेता येत नाहीत."

"अहो बाई, हे मी घरूनच आणलंय!"

दोघं रस्त्याला लागली. काकांची छाती फुगली होती. शेवटपर्यंत ऐकणारं माणूस मिळालं होतं, म्हणजे पैज जिंकली होती!

"तर अगं, ठरल्याप्रमाणे पहिल्यापासून," ते म्हणाले. "भर सकाळची वेळ. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे..."

कोपऱ्यावर वळेपर्यंत न्यायाधीशांना शिंक आली, आणि बायकोला तहान लागली.