दात दिसणे हा तांत्रिक दोष

वडिलांचा एक हसरा फोटो असावा, एवढीच रंजनाची इच्छा होती. सुरतेतल्या गोडादऱ्यातल्या त्यांच्या घरात भिंतीवर एकच फोटो होता, आईचा. मंगलाबाई अचानक गेल्या तेव्हा त्यांचा धड फोटो घरात सापडला नाही, म्हणून आधार कार्डावरचा मोठा करून आणला. त्यात त्या चोरीची कबुली द्यायला उभ्या केल्यासारख्या दिसत, आणि कानाजवळ जन्मसालाचा शेवटचा आकडा राहून गेला होता. संध्याकाळी अगरबत्ती लावताना तिचे आबा, उखा, त्या आकड्याकडे बघून लेकीला म्हणत, "पोरी, मना फोटो आतेच काढी ठेव. असा सरकारी नको."

उखा हसत असत. सगळी उमर लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, गेलेली. खात्यात मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. तिथे हसू ऐकवून भागत नाही, दाखवावं लागतं. त्यामुळे उखा भुवयांनी, कानांनी, खांद्यांनी आणि शिल्लक राहिलेल्या सगळ्या दातांनी हसत. काम सुटलं तरी ही सवय सुटली नव्हती. भाव ऐकून ते असे हसत की भाजीवाला तराजू पुन्हा तपासून घेई.

एवढं मोठं हसू मोबाइलमध्ये मावत नसे. फोटोत नुसता हललेला पांढरा पट्टा यायचा. तेव्हा रंजनाने हे काम रीतसर शिकून करायचं ठरवलं, आणि इथेच तिची चूक झाली.

पर्वत पाटिया भागात साड्यांच्या एका गोदामावर वैभवसरांची छायाचित्रण अकादमी होती. सरांचं 'उसवलेला माणूस' हे छायाचित्र शहरातल्या जाणकारांना तोंडपाठ होतं. खिडकीशी बसलेला म्हातारा कामगार, फाटकं बनियन, कपाळाला हात, नजर बाहेर, सगळं काळंपांढरं. त्याला मोठं बक्षीस मिळालं आणि त्यानंतर सरांना दुसरं छायाचित्र काढण्याची गरज पडली नाही.

अकादमीची पद्धत सरळ होती. विद्यार्थ्याने आधी सरांच्या छायाचित्राचं हुबेहूब अनुकरण करावं. ते मंजूर झालं की त्याला स्वतःचं छायाचित्र काढण्याची परवानगी मिळे. मंजुरी प्रियांकामॅडम देत. त्या अनुकरण विभागाच्या प्रमुख होत्या.

रंजनाने उत्साहाने आबांचा खिडकीतला फोटो नेला. मॅडमनी तो उजेडात धरला.

"यात दात आहेत."

"हो. आबांचेच आहेत."

"सरांच्या मूळ कृतीत दात नाहीत. दात दिसणे हा तांत्रिक दोष धरला जातो."

"त्या आजोबांना दात नव्हते का?"

"होते ना. पण सर थांबले. तोंड मिटेपर्यंत थांबले. यालाच साधना म्हणतात, बेन."

घरी साधना सुरू झाली. उखा खिडकीशी बसले, कपाळाला हात लावला आणि खदखदून हसले.

"आबा, हसू नका. दुःखी दिसा."

"माले कसानं दुख शे, सांग बरं?"

शेजारच्या उषाबाई मदतीला आल्या. "भाऊ, मागल्या साली उंदरांनी तुमचे पापड खाल्ले, ते आठवा." ते आठवून उखा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. शेवटी रंजनाने डॉक्टरांनी साखर बंद केल्याची आठवण करून दिली. उखांचा चेहरा हळूहळू मावळला. नजर खिडकीबाहेर, चहाच्या टपरीच्या दिशेने गेली. रंजनाने बटण दाबलं.

प्रियांकामॅडमनी ते छायाचित्र सरांना दाखवलं. सर म्हणाले, "यांच्या डोळ्यांत पूर्ण वस्त्रोद्योग दिसतोय."

पुढचं नियमाप्रमाणे झालं. अकादमीतल्या सगळ्यांना असाच म्हातारा हवा होता आणि मंजूर झालेला हा एकच होता. उखांना 'मान्यताप्राप्त श्रमिक (ज्येष्ठ)' हा दर्जा मिळाला. त्यांची सगळी बनियनं धड निघाल्याने अकादमीने आपलं अधिकृत फाटकं बनियन पाठवलं. ते दर रविवारी धुऊन, इस्त्री करून येई. विद्यार्थी चपला काढून रांगेत बसत. गल्लीला सूचना मिळाली की छायाचित्रण चालू असताना रंगीत साड्या वाळत घालू नयेत, फ्रिजवर चादर टाकावी आणि कोणी मोठ्याने हसू नये. साड्या विणून पोट भरणाऱ्या गल्लीने साड्या आत घेतल्या.

मागणी वाढली तशी आणखी म्हाताऱ्यांची भरती निघाली. गल्लीतल्या धम्मपालकाकांनीही अर्ज केला. त्यांचं खातं खरोखरच बंद पडलं होतं. पण ते जीन्स घालून आले आणि बोलताना दोनदा विनोद केला.

"यांची अडचण खरी आहे," मॅडम हळहळल्या, "पण मूळ कृतीशी जुळत नाही."

ज्यांचं जुळलं ते बहुतेक उखांच्या जुन्या खात्यातलेच होते, म्हणून उखांनी तिथेच जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचा वर्ग घेतला. बसणं, हात, नजर. मन लावून शिकवलं. माणूस कामाला चोख होता.

अखेर रंजनाला प्रमाणपत्र मिळालं. आता तिला स्वतःचं छायाचित्र काढता येणार होतं. उखांनी नवा सदरा घातला, केसांना तेल लावलं आणि हसतच खुर्चीवर बसले. रंजनाने कॅमेरा डोळ्याला लावला. उखांचा चेहरा मावळला, हात कपाळाला गेला, नजर खिडकीकडे वळली.

"आबा, हसा ना."

"हासीच ऱ्हायनू ना मी."

तिने कॅमेरा खाली घेतला. ते हसत होते. पुन्हा वर केला. वस्त्रोद्योग दिसू लागला.

तिने गुदगुल्या केल्या, उषाबाईंनी पापड आठवले, कॅमेरा उशीच्या अभ्र्यात लपवून झाला. उखांना तो वासाने कळायचा. रंजनाने सरांना फोन केला तर सर म्हणाले, "अभिनंदन. आता त्यांना दिग्दर्शनाची गरजच नाही."

मग तिला खातं सुचलं. तिथे जुने सोबती भेटतील, मागांच्या आवाजात आबांना हसू दाखवावंच लागेल. ती त्यांना घेऊन गेली. खडखडाट कानात शिरताच उखा जणू तरुण झाले. दूरच्या मागावरून कोणीतरी हातवारे करत काही सांगितलं आणि उखा हसले. भुवया, कान, खांदे, दात, सगळे कामाला लागले. रंजनाने खांबाआडून कॅमेरा वर केला.

कोणाच्या तरी तो नजरेला पडला. एक माग थांबला, मग शेजारचा, मग पूर्ण ओळ. त्या खात्यात एवढी शांतता कधी कोणी ऐकली नव्हती. सगळे कारागीर आपापल्या जागी बसले, कपाळाला हात लावले आणि खिडक्यांकडे बघू लागले. खिडक्या कमी होत्या, म्हणून काही जण भिंतीकडे बघत होते. मधोमध उखा होते. एकाचा हात चुकीचा होता, तो त्यांनी डोळ्यांनीच सुधारला.

रंजनाने कॅमेऱ्यावर झाकण लावलं. माग सुरू झाले. ती खांबाला टेकून आबांचं हसणं बघत राहिली, सुट्टी होईपर्यंत.

पुढच्या वर्षी उखा गेले. दहाव्याच्या आत फोटो हवा होता आणि या वेळी शोधावा लागला नाही. शहरात त्यांचे ढिगाने होते. अकादमीने श्रद्धांजली म्हणून एक मोठा करून, फ्रेमसकट पाठवला. तो मंगलाबाईंच्या शेजारी लागला. येणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर थांबे आणि म्हणे, "किती खरा आलाय." त्यांना खात्यातून ओळखणारेही तसंच म्हणाले. रंजना चहा देत होती. साखर घालून.

तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. पण इथपर्यंत वाचताना सुरतेच्या या लूम कामगाराचा एक फोटो तुमच्याही मनात तयार झालाच असेल. उखा हसत असत, हे तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं होतं. एकदा तपासून घ्या. दात दिसत नसतील, तर मंजूर आहे.