माहेरचं नाव सांग, मग पीठ

माझे तोताराममामा कोणतीही लग्न झालेली बाई समोर आली की आधी तिचं माहेरचं नाव विचारतात. रामराम नंतर. बाई ओळखीची असो की अनोळखी, कालची नवरी असो की दात पडलेली म्हातारी. "माहेरचं नाव काय व्हतं वं बाई तुह्यं?" भुवयांपासून धोतरापर्यंत पांढराफटक असा सत्तरीचा माणूस एकदम हे विचारतो, तेव्हा नवख्या बाईला पळावं की हसावं ते कळत नाही.

पांढरेपणा वयाचा कमी आणि पिठाचा जास्त. संग्रामपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव आहे. तिथे मामांची पिठाची गिरणी आहे. त्यामुळे गावातली प्रत्येक बाई आठवड्यातून एकदा डबा घेऊन त्यांच्या तावडीत सापडतेच. गेली चार वर्षं तिथला कायदा एकच आहे: माहेरचं नाव सांग, मग पीठ.

सुरुवातीला भांडणं झाली. एक सासू सुनेला मागे घेऊन आली आणि म्हणाली, "तुमाले काय करा लागते हो आमच्या सुनेच्या जुन्या नावाचं? ज्वारी दळा न गुमान." मामांनी गिरणीचा पट्टा उतरवला, हात झटकले आणि तिलाच विचारलं, "अन् तुह्यं काय व्हतं?" सासू थबकली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "ठकू." चाळीस वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं म्हणे. जाताना ती हसत गेली, भांडण राहून गेलं.

गावातल्या रुबीनाभाभींचीही सुटका नव्हती. त्या म्हणाल्या, "चाचा, हमारे में नाम नहीं बदलते." मामा खूश. "शाब्बास. तुमचं काम सोपं हाय."

काम म्हणजे काय, ते सांगते. आपल्याकडे लग्न झालं की नवरीचं नाव बदलतात. मग काही कागदांवर ती माहेरची असते, काही कागदांवर सासरची. एरवी कुणाचं काही अडत नाही. पण सरकारच्या आरोग्य योजनेत फुकट ऑपरेशन व्हायचं असेल, तर रेशनकार्डावरची बाई आणि आधारवरची बाई एकच निघावी लागते. नाही निघाली तर कॉम्प्युटर म्हणतो, अशी कुणी बाईच नाही. ती समोर खाटेवर पडलेली असली तरी.

म्हणून मामा प्रत्येकीला पुढचा प्रश्न करतात, "आधार काय म्हन्ते अन् रेशन काय म्हन्ते?" दोघं वेगळं म्हणत असतील तर मंगळवारी गिरणी बंद. मामा त्या बाईला घेऊन एसटीने तालुक्याला जातात, अर्ज देतात, नाव जुळवून आणतात. जुळलं की तिच्या डब्यावर हिरव्या रंगाचा एक टिपका काढतात. आता गावात या टिपक्याची अशी मिजास झाली आहे की बायका डबा टिपका पुढे करून डोक्यावर घेतात.

हे सगळं वाचायला गोड वाटतं. ज्याचे मामा असतात त्याला विचारा.

मी मलकापूरला शाळेत शिकवते. तिथे मला सगळे मृणालिनी मॅडम म्हणतात. हे नाव सासरी मिळालं आणि मी ते नव्या शालूसारखं मिरवलं, कारण माहेरचं नाव होतं बेबी. या जगात मला बेबी म्हणणारं एकच माणूस उरलं आहे, आणि ते हळू बोलत नाही. एकदा मलकापूरच्या स्टेशनवर मी मुख्याध्यापकांसोबत उभी होते. पलीकडच्या फलाटावरून हाक आली, "ए बेबे! आधार अन् रेशन जुळवलं का वं?" मी सरांना म्हणाले, कुणाला तरी हाक मारतायत वाटतं. आणि पाठ फिरवली.

तेव्हाच माझी लायकी मला कळायला हवी होती. पण अजून माझ्या मुलाचं, अनिकेतचं लग्न व्हायचं होतं.

सून पुण्याची, वैष्णवी. विहीणबाई इतक्या शुद्ध बोलायच्या की त्यांच्याशी फोनवर बोलताना मी उभी राहायचे. आमचं 'मले-तुले' चुकूनही तोंडातून निघू नये म्हणून मी घरातल्यांची महिनाभर उजळणी घेतली. मामांची घेता आली नाही. त्यांना बोलवावं की नाही यावर मी दोन दिवस विचार केला, हे इथे कबूल करते. सख्ख्या मामाला! शेवटी बोलावलं आणि मनात म्हटलं, मागे कुठेतरी बसतील.

नाव बदलायचं ठरवलं तेही मीच. विहीणबाई म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे हल्ली हे करत नाहीत. पण तुमची हौस असेल तर करा." हौस होतीच. मी आर्या हे नाव शोधून ठेवलं होतं. लग्न लागलं, चांदीच्या ताटात तांदूळ पसरले, अनिकेतनं हातात अंगठी घेतली आणि तांदळात पहिलं अक्षर काढणार, तेवढ्यात एक पांढरा हात मधे आला आणि पंजा उघडून तांदळावर टेकला.

"लिवू नको, बापू," मामा म्हणाले. "पोरीचं हाय ते नाव राहू दे."

फोटोवाला थांबला. मी म्हणाले, मामा, तुम्ही जेवायला बसा. ते म्हणाले, "बेबे, तू त जानतं न वं." हात तसाच. वैष्णवी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. आणि विहीणबाईंनी माझ्या कानाशी वाकून विचारलं, "कोण आहेत हे?"

मी म्हणाले, "गावाकडचे आहेत एक."

हे मी हळू म्हणाले होते. पण गिरणीवाल्याचे कान मोठे विचित्र असतात. पट्ट्याच्या धडधडीत त्यांना पलीकडची कुजबुज ऐकू येते. मामांनी हात उचलला. माझ्याकडे पाहिलं नाही. सुनेला म्हणाले, "सुखी राह्य, माय," आणि गर्दीतून निघून गेले. ताटात पाच बोटांचा ठसा राहिला. अनिकेतनं तो सपाट केला नाही. अंगठी खाली ठेवली आणि म्हणाला, आई, राहू दे आता. नाव तसंच राहिलं. मामा जेवले की नाही, हे मी चारदा विचारलं. कुणी पाहिलं नव्हतं.

आता जे सांगायचं ते सांगते. 'तू त जानतं न' याचा अर्थ मला त्या क्षणीही कळला होता.

माझी मामी माहेरची द्वारका. सासरी आल्यावर सुलोचना झाली. खूप वर्षांपूर्वी नव्या रेशनकार्डाचे अर्ज आले, तेव्हा गावात अक्षर चांगलं असलेली मी एकटीच. ओट्यावर बसून मी अख्ख्या गल्लीचे अर्ज भरले आणि प्रत्येक अर्जाबरोबर जरा उंच झाले. मामी माझ्याजवळ बसून म्हणाली, "माह्यं द्वारका लिवजो, बेबे." मी म्हणाले, मामी, कागदावर सासरचंच नाव लागतं. लागतं की नाही, मला काही ठाऊक नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं. पण सुलोचना हे नाव माझ्या वळणदार अक्षरात छान दिसलं असतं. आणि दिसलंही.

पुढे गावातल्या शाळेत आधारचं शिबिर लागलं. तिथल्या माणसानं मामीला विचारलं, नाव काय? तिनं आपलं सांगितलं, द्वारका.

चार वर्षांपूर्वी मामीच्या हृदयाची झडप खराब झाली. हॉस्पिटलात योजनेची खिडकी होती. तिथल्या बाईनं दोन्ही कागद पाहिले आणि सांगितलं, नावं जुळवून आणा. ती तरी काय करणार! मामांनी मला फोन केला. मी वर्गात जात होते. मी म्हणाले, एक प्रतिज्ञापत्र करून घ्या मामा, सोपं असतं. सोपं होतंही, पण माहिती असलेल्याला. मामांना नऊ दिवस लागले. मामीला सात.

मला हे आठवत नव्हतं, असं लिहिता आलं असतं तर बरं दिसलं असतं. सगळं आठवत होतं. मी चार वर्षं एवढीच आशा धरून होते की मामा विसरले असतील.

लग्नानंतर आठ दिवसांनी मी लाडवांचा डबा घेऊन गावाला गेले. गिरणीत तीन अनोळखी बायका होत्या. मामा आत दळत होते, त्यांनी मला पाहिलं नाही. बायकांनी मला कुणी पाहुणी समजून बसायला पोतं दिलं. मी परकी असल्यासारखं विचारलं, गिरणीवाल्यांना हे नावांचं वेड कशानं लागलं हो? त्यातली एक म्हणाली, "त्याईची बायको गेली न. रेशनचा अर्ज भरताना त्याईनच नाव चुकीचं सांगतलं व्हतं म्हन्ते. समद्याईले सांगत राह्यते बिचारे, माह्याकून चूक झाली, तुमी करू नोका."

मी लाडवांचा डबा मांडीवर घेतला आणि वर पाहिलं.

वरच्या फळीवर एक जुना पितळी डबा होता. त्यावर लाल रंगात एकच नाव होतं, द्वारका. सासरचं नाव नव्हतं, हिरवा टिपकाही नव्हता. बाकी सगळं पिठानं माखलेलं. तेवढाच डबा लख्ख पुसलेला.

गिरणी थांबली. मामा बाहेर आले आणि मला पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. मी बरंच काही पाठ करून आले होते. लग्नातलं, त्याआधीचं. त्यातलं एवढंच निघालं, "मामा, तो अर्ज तुम्ही नव्हता भरला."

त्यांनी बायकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भर गिरणीत काय बोलतं वं," ते पुटपुटले. त्यांनी लाडवाचा डबा उघडला, एक तिथेच खाल्ला, उरलेले बायकांना वाटले. मग बायकांना म्हणाले, "हे माही भाची हाय. बेबी. मलकापूरले मास्तरीन हाय. लय सुंदर अक्षर हाय हिचं."

मग ते आत गेले आणि कोऱ्या अर्जांचा गठ्ठा आणि पेन घेऊन आले. मंगळवार उद्याच होता. गठ्ठा माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "माह्याच्यानं बारीक रकान्यात लिवनं होत नाही आता. द्वारकी म्हने, कागदाचं काम निंघालं का बेबीले बलावत जा."

पहिली बाई पुढे सरकली. मी तिला विचारलं, माहेरचं नाव काय? आधारवर काय? रेशनवर काय? तिनं सांगितलं ते सगळं जसंच्या तसं लिहायला घेतलं. अक्षर रकान्याबाहेर गेलं, मात्रा वाकडी पडली. पहिलीतली पोरंही माझ्या वर्गात याहून बरं लिहितात.

मामांनी अर्ज उचलून उजेडात धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"खराब आलं, मामा."

"वाचता येते," ते म्हणाले. "दुसरा घे."