जोड हरितमार्गाचे जनक

शिवराज गाडेकर यांनी छत्रपती संभाजीनगर ते जालना हा साठ किलोमीटरचा हरित सायकलमार्ग एका रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, सोफ्यावर लोळत तयार केला. मांडीवर लॅपटॉप होता आणि पोटावर चिवड्याची वाटी. उपग्रहाच्या नकाशात जिथे जिथे हिरव्यातून जाणारी रेघ दिसली, तिथे तिथे ते तिला पुढच्या रेघेशी जोडत गेले. कुठे कालव्याकडेची वाट, कुठे रोपवनातली पायवाट, कुठे शेतातली गाडीवाट. दोन रेघांच्या मध्ये जागा उरलीच, तर तिथे त्यांनी स्वतःची रेघ ओढली. चार वाजता चहा आला तेव्हा जालनाही आलं होतं.

गाडेकर चिकलठाण्याच्या एका कारखान्यात खरेदी विभागाचे मॅनेजर होते आणि ‘पहाटवारा सायकल मंडळा’चे संस्थापक-अध्यक्ष. मंडळाची झेप पडेगावपर्यंत होती, कारण पडेगावला इडली बरी मिळायची. इडलीनंतर निम्मे सदस्य घरून गाडी मागवून घेत. अध्यक्षांची सायकल मात्र नऊ किलोची होती आणि हे नऊ किलो ते भेटेल त्याला सांगत. त्यांचं स्वतःचं वजन कोणी विचारलं की ते हवामानाबद्दल बोलू लागत.

नकाशा एका वर्तमानपत्रात छापून आला. शेजारी गाडेकरांचा फोटो. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना मोठा गॉगल, नाकातोंडाला फडकं; म्हणजे गाडेकर सोडून सगळं त्यात होतं. खाली लिहिलं होतं, ‘जोड हरितमार्गाचे जनक’. गाडेकरांनी ते कात्रण फोनवर जपून ठेवलं आणि कारखान्याच्या शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना पाठवलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण जालन्याच्या एका सायकल मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला. रविवारी संध्याकाळी पाच वाजता. आणि निमंत्रणाच्या शेवटी एक घातक ओळ होती. ‘साहेबांनी आपल्याच मार्गाने सायकलवर यावे, ही नम्र विनंती.’

“तुम्ही जाणार? सायकलवर? जालन्याला?” बायको विशाखाने विचारलं. “समोरच्या चौकातून कोथिंबीर आणायला गाडी काढता तुम्ही.”

“कोथिंबीर वेगळी, सहनशक्ती वेगळी,” गाडेकर म्हणाले.

त्यांचा बेत साधा होता. सायकल गाडीवर टाकायची, बदनापूरच्या पुढे उतरवायची, थोडा घाम आणायचा आणि सत्काराला हजर व्हायचं. तो बेत तिसऱ्या मजल्यावरच्या अमृता हिवराळेने मोडला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायची आणि रोज साध्या सायकलवर जायची-यायची.

“सर, मीपण येते तुमच्यासोबत,” जिन्यात गाठून ती म्हणाली. “नकाशाची प्रिंट काढलीये मी. तुम्ही स्वतः काढलाय म्हणजे रस्ता तर तुम्हाला पाठच असेल.”

“पाठ म्हणजे,” गाडेकर म्हणाले, “डोळे मिटून.”

हे त्या दिवसातलं एकमेव खरं वाक्य होतं. त्यांनी डोळे मिटूनच तो काढला होता.

डिसेंबरच्या त्या रविवारी सकाळी सहाला दोघं निघाले. सायकलवर भार नको म्हणून गाडेकरांनी पाकीट घरी ठेवलं आणि पंक्चरचं सामान अमृताच्या पिशवीत. स्वतःकडे त्यांनी फोन आणि जिभेवर भरपूर सल्ले ठेवले. सुखना नदीच्या काठाने जाणारी ‘निसर्गरम्य पायवाट’ म्हणजे कचऱ्याचा ढीग निघाला आणि त्यावर राहणाऱ्या कुत्र्यांना सायकल हा प्रकार मान्य नव्हता. रोपवनात झाडांपेक्षा फलक जास्त होते. पण खरा अडसर आला तो करमाड ओलांडल्यावर. हिरवी रेघ सरळ पुढे गेली होती, वाट मात्र एका शेततळ्यात उतरली होती.

“सर, नकाशात इथं रस्ता आहे.”

“आहे ना. पावसाने पाणी साचलंय.”

अमृताने तळ्याकडे पाहिलं. “सर, तळ्याला प्लास्टिक अंथरलंय. ते पण पावसाने?”

गणिताच्या मास्तरणीशी वाद घालण्यापेक्षा गाडेकरांनी कृती केली. सायकल एका खांद्यावर घेऊन ते तळ्याच्या काठावरून निघाले. चौथ्या पावलाला सायकल काठावर राहिली आणि गाडेकर प्लास्टिकवरून घसरत, बसल्या बसल्या, अत्यंत डौलात पाण्यात गेले. अमृताने ओढणी टाकून त्यांना वर ओढलं. गॉगल तळ्याने ठेवून घेतला; फोन सायकलच्या दांड्याला लावलेला होता म्हणून वाचला.

“मी डांबरी रस्त्याने जाते,” अमृता म्हणाली. “तुम्हीपण चला.”

“मार्गाचा जनकच मार्ग सोडून आला, असं लोकांनी म्हणायचं?” गाडेकरांच्या मिशीतून पाणी ठिबकत होतं. “तू हो पुढे. मी हरितमार्गानेच येणार.”

अमृता गेली. पंक्चरचं सामानही तिच्याबरोबर गेलं, पण हे सुचायला त्यांना तीन तास लागले.

त्या तीन तासांचं वर्णन गाडेकरांनी पुढे कधी कोणापाशी केलं नाही. तुरीतून ते सायकल घेऊन गेले, कपाशीतून सायकल त्यांना घेऊन गेली. एका बांधावर बैल आडवा बसला होता. त्याच्यासमोर ते वीस मिनिटं घंटी वाजवत उभे राहिले. साडेतीनच्या सुमाराला मात्र चमत्कार झाला. नकाशात होती तिथेच, होती तशीच, एक स्वच्छ मोकळी गाडीवाट लागली. गाडेकरांचा ऊर भरून आला. ते सीटवर ताठ बसले, दोन पॅडल मारले आणि वाटेकडेला पसरलेल्या बाभळीच्या काट्यांवरून गेले. दोन्ही चाकं एकदमच बसली.

“कोन हाय रं तिकडं?”

मोसंबीच्या बागेतून पन्नाशीचा एक धिप्पाड माणूस बाहेर आला. हातात कोयता, कपाळाला आठ्या, डोळे लालभडक. त्याचं नाव सर्जेराव. तो सकाळपासून तेच काटे तोडून बाजूला करत होता आणि डोळ्यांत धूळ गेली होती. पण गाडेकरांना फक्त कोयता दिसला.

“तुमी बी त्या नकाशावाले का?” सर्जेरावांनी विचारलं.

“नकाशावाले म्हणजे... कोणता नकाशा?”

“पेपरात आल्ता त्यो. त्यात माजं वावर हाय, ही वाट हाय. कोन्या गाडेकरानं काढलाय. त्या मानसाला मला गाठायचंय.”

कोयता उन्हात चमकला. गाडेकरांना एका क्षणात सगळं समजलं, असं त्यांना वाटलं. माणसाचं शेत, त्यातून आपली रेघ, आणि तिच्यावरून येणारी-जाणारी मंडळी.

“मी राजकुमार,” ते म्हणाले. “मीसुद्धा त्याच नकाशाने फसलोय हो. बघा माझी अवस्था.”

अवस्था बघण्यासारखी होतीच. सर्जेरावांनी त्यांना घागरीतलं पाणी दिलं, दोन मोसंब्या सोलून दिल्या आणि सायकलची चाकं दाबून पाहिली.

“हितं पंक्चरवाला नाय. चला, जालन्याला सोडतो. मी तिकडंच निघालोय. पाच वाजता त्यो गाडेकर तिथं येनार हाय म्हनं.”

गाडेकरांनी मोसंबीची फोड बियांसकट गिळली. पण पायांत चालण्याचं त्राण नव्हतं. जालन्याच्या अलीकडे उतरू, मागच्या दाराने आत जाऊ, असं ठरवून ते टेंपोत चढले. सायकल मागे क्रेटांवर आडवी पडली. कोयता सर्जेरावांनी सीटखाली सरकवला.

टेंपो हमरस्त्याला लागला. या माणसाला सत्काराच्या ठिकाणी जाऊच द्यायचं नाही, हा एकच उपाय गाडेकरांना दिसला.

“तुम्ही उगाच जाताय,” ते म्हणाले. “तो गाडेकर येणार नाही.”

“का बरं?”

“भेकड आहे एक नंबरचा. ओळखतो मी त्याला. घरात बसून रेघोट्या ओढतो आणि लोकांना खड्ड्यात घालतो.”

सर्जेरावांनी मान वळवून पाहिलं. “असं?”

“अहो, पडेगावच्या पुढे सायकल गेली नाही त्याची कधी. नुसता फोटोपुरता. गाढव आहे! त्याच्या बायकोला विचारा.” बोलता बोलता गाडेकरांना गोडी लागली. इतकी वर्षं शेजारी-पाजारी ज्या आनंदाने हे बोलत आले होते, तो त्यांना पहिल्यांदाच चाखायला मिळत होता. “फसवा माणूस. अशाचा सत्कार नाही, धिंड काढायला पाहिजे. अशाच्या तोंडाला लागू नका. परत फिरा.”

सर्जेरावांनी करकचून ब्रेक मारला. जालना अजून सहा किलोमीटर होतं.

“उतरा.”

“आँ?”

“उतरा म्हनतो ना खाली. त्या देवमानसाला शिव्या देनारा मानूस माज्या टेंपोत नको.”

“देवमाणूस?”

सर्जेरावांनी सीटमागची पिशवी पुढे ओढली. आत गुलाबी फेटा होता, शाल होती, नारळ होता. “सहा वर्सं माज्या वावराची वाट पुंडलिकानं काटं लावून बंद केल्ती. भाऊबंद हाय माजा. कचेरीत खेटं घातलं, हातापाया पडलो. मोसंबी डोक्यावर वाहिली. माय आजारी पडली तवा तिला बाजंवर घालून बांधाबांधानं न्यावं लागलं. कुनी वाट दिली नाय. मग पेपरात नकाशा आला. पुंडलिकानं बघितलं, ही वाट त्यात हिरवीगार. त्याला वाटलं, सरकारी रस्ता झाला, आता आपल्यावर केस व्हईल. त्याच दिवशी सोताच्या हातानं कुंपन काढलं त्यानं. अन् तुमी त्या मानसाला गाढव म्हनता?”

आयुष्यात पहिल्यांदा गाडेकरांच्या हातून कोणाचं तरी खरोखर भलं झालं होतं आणि त्यांना ते आत्ता कळत होतं.

“अहो, मीच तो!” ते ओरडले. “मीच शिवराज गाडेकर! मी काढला नकाशा!”

सर्जेरावांनी त्यांच्याकडे चिखलापासून काट्यांपर्यंत पाहिलं. “मघा राजकुमार व्हता.”

“ते भीतीने म्हणालो हो! तुमच्या हातात कोयता होता!”

“आन् गाडेकर भेकड हाय, हे कोन म्हनलं?”

“मीच!”

“मंग कोनचं खरं धरू?”

दोन्ही खरं होतं. गाडेकरांनी घाईघाईने फोनवरचं कात्रण दाखवलं. सर्जेरावांनी फोन हातात धरून हेल्मेट पाहिलं, गॉगल पाहिला, फडकं पाहिलं. “ह्यात मी बी बसंल,” ते म्हणाले. ओळखपत्र घरी होतं, भार नको म्हणून. सर्जेरावांनी सायकल खाली उतरवून दिली, उन्हातान्हात माणूस उपाशी राहू नये म्हणून चार मोसंब्याही हातावर ठेवल्या, आणि टेंपो निघून गेला.

गाडेकर दोन बसलेल्या चाकांची नऊ किलोची सायकल ढकलत जालन्याकडे चालू लागले. पाच वाजले, साडेपाच वाजले. अमृताला त्यांनी चार वेळा फोन लावला, तिने उचलला नाही. पावणेसहाला विशाखाचाच फोन आला.

“अहो, आहात कुठे? कार्यक्रम इथं फोनवर लाइव्ह दाखवतायत. अमृता चारलाच पोचली म्हणे. तुम्ही आला नाहीत म्हणून शाल तिलाच दिली.”

“आणि फेटा?” गाडेकरांनी क्षीण आवाजात विचारलं.

“तोपण तिलाच बांधला. शोभला हो तिला. एका शेतकऱ्याने बांधला. काय सुंदर बोलला तो तुमच्याबद्दल! मला तर रडूच आलं. एवढं चांगलं तुमच्याबद्दल मी कधी ऐकलं नव्हतं.” मग विशाखाचा आवाज हलका झाला. “आणि ऐका, त्याने एक सावधगिरीचा इशारापण दिलाय सगळ्यांना. जालना रोडवर एक भामटा फिरतोय, चिखलाने माखलेला. आधी तुम्हाला घाणेरड्या शिव्या देतो आणि मग तुमचंच नाव सांगून सत्कार मागतो. दिसला तर पकडून ठेवा, असं मंडळाच्या लोकांना सांगितलंय. पोरं मोटारसायकली घेऊन निघालीयेत. तुम्ही जरा जपून या हं.”