कवडूभाऊंचा नववा अर्ज

कवडूभाऊंसमोर वाक्य अर्धं सोडायची सोय नाही. तुम्ही श्वास घ्यायला थांबलात तरी ते पुढचे शब्द तुमच्या हातात ठेवतात. ओठ हलत नाहीत, नजर भलतीकडेच असते, आवाज तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून निघतो आणि नेमका तुमच्यापर्यंतच पोचतो. एकदा घरी बायको मला झापत होती. "या माणसाला सांगून सांगून माझं तोंड..." म्हणून ती दम घ्यायला थांबली. ओसरीतून हलकेच आवाज आला, "दुखलं, पन ह्याच्या कानावरची माशी उडाली नाई." बायकोनं ते वाक्य हातवाऱ्यांसकट पूर्ण केलं आणि मग बाहेर कोण आलंय ते पाहायला गेली.

दोष त्यांचा नाही, धंद्याचा आहे. आमच्याकडे धान घरात आलं की गावोगाव झाडीपट्टीची नाटकं लागतात. कवडूभाऊंनी उमेदीची सगळी वर्षं या नाटकांत प्रॉम्प्टर म्हणून काढली. विंगेत वही घेऊन उभं राहायचं आणि अडलेल्या नटाला पुढचं वाक्य द्यायचं. राजे, खलनायक, सती सावित्र्या, सगळे यांच्या आवाजावर चालले. प्रेक्षकांना मात्र यांचं तोंड कधी दिसलं नाही. "राजा मी नाई," ते सांगतात, "पन राजा माह्याच तोंडानं बोलते." त्यांच्या आयुष्याचा नियम एकच: "वाक्य खाली पडू द्याचं नाई."

नाटकं सुटली, पण सवय सुटली नाही. ती सगळी शक्ती त्यांनी अर्जांकडे वळवली. त्यांच्या गावाच्या, सावळटोल्याच्या, फाट्यावर एसटी थांबते, ती त्यांच्या अर्जामुळे. पांदण रस्त्यावर मुरूम पडला, तोही त्यामुळेच. पण त्यांचा खरा जीव एका अर्जात होता: 'आमच्या शाळेला अंशकालीन कला निदेशक मिळणेबाबत.' शाळेत बाजाची पेटी होती, तबल्याची जोडी होती. दोन्ही एका खोलीत, कपाटात कुलूपबंद, कारण शिकवणारा कोणी नव्हता. त्यात आता ती खोलीच बारदाना, म्हणजे धानाची रिकामी पोती, ठेवायला द्यायचं घाटत होतं.

एका स्वातंत्र्यदिनाला शाळेत जे प्रमुख पाहुणे आले होते, त्यांची मी अजून कीव करतो. भले गृहस्थ, पण भाषणाची सवय नाही. "आज या ठिकाणी आपण सर्व..." म्हणून ते थांबले. झेंड्याच्या खांबाआडून "जमलो आहोत" आलं. त्यांनी ते घेतलं. पुढचंही घेतलं. मग त्यांना गोडी लागली आणि ते दर वाक्याला खांबाकडे कान देऊ लागले. शेवटी मूठ वर करून गरजले, "या शाळेला कला निदेशक मिळालाच पाहिजे, नाहीतर मी पुन्हा या गावात तोंड दाखवणार नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. जीपमध्ये बसताना त्यांनी ड्रायव्हरला हळूच विचारलं, "मी असं म्हणालो का रे?" तोंड त्यांनी खरंच पुन्हा दाखवलं नाही. शब्दाचा पक्का माणूस.

आता माझ्याविषयी. मी पंचायत समितीत आवक-जावकला बाबू आहे. कवडूभाऊंचे अर्ज माझ्याच टेबलावर यायचे.

ते अर्ज नाटकाच्या वहीसारखे असत, कंसातल्या सूचनांसकट. 'महोदय, (नम्रपणे) सविनय विनंती की, आमच्या शाळेत आठ वर्ग आहेत, एक पेटी आहे आणि पेटीला कुलूप आहे. (थांबून) आमच्या मुलांचे गळे मात्र उघडे आहेत.' खाली गावाच्या सह्या आणि अंगठे. ऐकल्याशिवाय सही घ्यायची नाही, असा त्यांचा कायदा. त्यामुळे हातपंपावर, चक्कीवर, एकदा तर तेरवीच्या पंगतीत त्यांनी अख्खा अर्ज वाचला होता. मलाही सूट नव्हती. मी शिक्का उचलला की ते हात धरत.

"थांबा ना जी, बाबू. अगोदर आयका."

"कवडूभाऊ, मागच्या वेळचाच आहे ना?"

"नाटकबी मागच्या वेळचंच असते. आयकत नाई का लोकं?"

मग उभ्याउभ्या पूर्ण वाचन. मी शिक्का मारून पोच द्यायचो. ते पिशवीतून रानातली पिकली टेंभरं काढून टेबलावर ठेवायचे आणि विचारायचे, "वर जाईन ना?"

"पाठवतो," मी म्हणायचो.

मी ते अर्ज पाठवले नाहीत. एकही नाही. कोणी अडवलं नव्हतं, कोणाचा दबाव नव्हता. अर्जासोबत वर्गवार पटसंख्येचं प्रपत्र जोडावं लागायचं. त्यासाठी शाळेत फोन करायचा, आकडे घ्यायचे, तक्ता आखायचा. अर्ध्या दिवसाचं काम. ते मी उद्यावर टाकलं आणि वर्षं गेली. आठ अर्ज माझ्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात खालच्या खणात पडून होते. टेंभरं मात्र मी घरी नेली आणि पोरांना दिली.

गेल्या हिवाळ्यात नववा अर्ज आला. दुसऱ्याच आठवड्यात आमच्या ऑफिसच्या नव्या मोठ्या मॅडम गावोगाव जाऊन लोकांचं म्हणणं ऐकायला निघाल्या. सावळटोल्यात शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. मी रजिस्टर घेऊन बाजूच्या दाराशी उभा होतो. गावानं बोलायला कवडूभाऊंना पुढे केलं. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल, हातात कागद नाही.

"अर्ज कुठे आहे?" मी पुटपुटलो.

"माह्याच अर्ज मले पाठ नाई का?" ते म्हणाले आणि पुढे झाले.

"महोदया," त्यांनी सुरुवात केली. "सविनय विनंती की, आमच्या शाळेत आठ वर्ग आहेत..."

आणि ते थांबले. सगळं गाव समोर बसलेलं. लोकांना वाटलं, कंसातलं 'थांबून' चाललंय, मागून कोणीतरी कौतुकानं "वा!" म्हणालं सुद्धा. पण मला अर्ज नऊदा ऐकून पाठ होता. त्या जागी थांबून नव्हतं. आयुष्यभर वहीत बघून बोललेला, कधीही प्रेक्षकांसमोर न आलेला माणूस उजेडात उभा राहून कोरा झाला होता. मॅडमनी घड्याळ पाहिलं. पुढचं गाव वाट पाहत होतं. कवडूभाऊंनी अडलेल्या नटासारखं विंगेकडे पाहिलं. विंगेत मी होतो.

"एक पेटी आहे," मी ओठ न हलवता म्हणालो.

"एक पेटी आहे!" कवडूभाऊ कडाडले.

"आणि पेटीला कुलूप आहे."

"आणि पेटीला कुलूप आहे!"

मुलांचे गळे आले, आठवड्यातून दोन दिवस तरी शिकवणारा द्या, हेही आलं. सदऱ्यात हवा भरल्यासारखे कवडूभाऊ रुंद झाले. आणि मग मला आठवलं, पुढचं वाक्य कोणतं आहे. 'यापूर्वी आठ अर्ज दिले; एकाचेही उत्तर आले नाही.' ते गाळून थेट 'आपले नम्र' वर गेलो असतो तर कोणाला कळलं नसतं. कवडूभाऊ माझ्याकडे कान करून उभे होते. मी किती वेळ घेतला, देव जाणे. मागून पुन्हा "वा!" आलं.

वाक्य खाली पडू द्यायचं नाही. मी ते दिलं.

कवडूभाऊंनी ते जसंच्या तसं म्हटलं. मॅडमनी मान वळवली. "आठ अर्ज? बाबू, कुठे आहेत ते?"

"माझ्या कपाटात," मी म्हणालो. हे वाक्य मला कोणी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पटसंख्येचा तक्ता केला. अर्धा दिवससुद्धा लागला नाही. नऊही अर्ज वर गेले, खोलीत बारदाना ठेवायचं थांबलं आणि मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. खुलासा लिहायला बसलो तर पेन उठेना. शेवटी मी ती नोटीस घेऊन कवडूभाऊंच्याच घरी गेलो. त्यांनी चष्मा लावला आणि लिहून दिलं: 'महोदया, (मान खाली घालून) चूक माझी आहे.' कंस तेवढा मी काढला.

"तुम्हाला माहीत होतं का हो," मी विचारलं, "अर्ज कपाटातच राहतात म्हणून?"

"तिसऱ्या खेपेलेच समजलं. कपाट उघडंच होतं ना जी तुमचं."

"मग दुसऱ्या कोणाकडे का नाही गेलात?"

"दुसरे बाबू शिक्का मारून मोकळे होतेत. तुमी पुरं आयकत होते. मनलं, पुरं आयकनारा मानूस कवातरी हलनच."

चुलीवर त्यांनीच चहा ठेवला होता. घरात एकच ताट, एकच पितळी पेला. भिंतीवर त्यांच्या गेलेल्या बायकोचा, अनुसयाबाईंचा फोटो. तिकडे न बघता ते बोलले, "बुढी मुद्दाम वाक्य अर्धं सोडे, मालूम? 'आज वरनात मीठ...' मने अन् चूप बसे. मी बोललो का हासे. पुरं बोलता येत होतं तिले, पन सोडे. नाटकं सुटल्यावर मी घरी काय करन मनून." त्यांनी चहा गाळला. "आता घरात कोनी अर्धं बोलत नाई. पुरंबी नाई."

तो एकच पेला त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

उन्हाळ्यानंतर शाळा उघडली तेव्हा कला निदेशक बाई आल्या. बुधवार आणि शनिवार. पेटीचे दोन स्वर गंजले आहेत, तबल्याला ओढ नाही, पण कुलूप निघालं. कवडूभाऊ आता चित्रकलेच्या कागदांसाठी दहावा अर्ज लिहीत आहेत. माझी एक वेतनवाढ थांबली. बायको म्हणाली, "बरं झालं, नाहीतर तुम्हाला कधी..." आणि आम्ही दोघांनीही ओसरीकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

माझा ऑफिसचा रस्ता सावळटोल्यावरून जात नाही. पण बुधवारी मी गाडी तिकडे वळवतो, कवडूभाऊंच्या दारात थांबवतो आणि जरा मोठ्यानं म्हणतो, "कवडूभाऊ, आज बुधवार. शाळेत..."

आणि गप्प बसतो.

आत पेला खाली ठेवल्याचा आवाज होतो. मग तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून, हलकेच:

"...पेटीचा तास हाये. थांबा, आलो."