जुना कार्बोरेटर आणि राजाभाऊ

"कार्बोरेटर बदला, नाहीतर जीप भंगारात घाला!" राजाभाऊंनी निकाल देऊन टाकला.

राजाभाऊ म्हणजे सुनेत्राचे थोरले दीर. कराडहून चार दिवसांसाठी गुरुग्रामला तिच्या घरी आलेले. आयुष्यात एक स्कूटर वापरली, तेवढ्यावर त्यांना जगातली यच्चयावत इंजिनं कळायची! दिल्लीच्या आसपास जुन्या गाड्यांना रस्त्यावर बंदी, म्हणून सुनेत्राची जीप जवळच्या सोहना गावी एका मित्राच्या शेतावर असे. रविवारी तिथेच हौशी जीपवाल्यांची खडी चढण चढायची स्पर्धा होती. जुना कार्बोरेटर निम्म्यावर मान टाकणार, असं जो तो सांगत होता. पण तो सुनेत्राच्या वडिलांनी जन्मभर जपलेला. त्याच्यासकट वर जाऊन दाखवायचंच, असं तिनं ठरवलं होतं.

आणि स्पर्धेच्या तासभर आधी जीप दोन आचके देऊन बंद पडली.

"बघ! मी काय म्हणत होतो?" राजाभाऊंना आनंद लपवता येईना.

सुनेत्रा बॉनेटमध्ये डोकं घालून हात काळे करत होती. तिच्या नवऱ्यानं, राजीवनं, विष्णू मेकॅनिकला फोन लावला. राजाभाऊंनी तो हिसकावूनच घेतला.

"टंकी खाली तो नहीं है, जी?" विष्णूनं विचारलं.

राजाभाऊंनी मागे पाहिलं. मूळची टाकी गंजल्यामुळे दुसरी मागच्या सीटवर बसवलेली होती.

"खाली? बिल्कुल नहीं! ऊपर है, ऊपर!"

"अच्छा, ऊपर तक है? फिर तो कार्बोरेटर ही गया। आता हूँ।"

झालं! राजाभाऊंना आणखी काय हवं होतं? पेट्रोलचा काटा वर्षानुवर्षं अर्ध्यावर अडकलेला, त्यामुळे तोही काही बोलेना. राजीव बिचारा "दादा म्हणतोय तर..." करत शेजारच्या जीपवाल्याचा जादा नवा कार्बोरेटर मागून घेऊन आला. सुनेत्रा नको नको म्हणत असतानाच राजाभाऊंनी जुना काढला, पण नव्याची भोकंच जुळेनात. जुना परत लावायला जावं, तर एक नट गवतात गडप. तिघंही गुडघ्यांवर! भोंग्यावरून सुनेत्राचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा तिला रडूच फुटलं.

तेवढ्यात विष्णू मोटरसायकलवरून आला. त्यानं टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं.

"टंकी तो खाली है, साहब।"

"डोळे आहेत का याला? एवढी वर दिसतेय, आणि म्हणे खाली!"

सुनेत्रानं कपाळावर हात मारला. "अहो भाऊजी, हिंदीत खाली म्हणजे रिकामी!"

"पेट्रोलचा कॅन माझ्याच गाडीत राहिला वाटतं," राजीव हळूच म्हणाला.

नट सापडला. विष्णूनं जुना कार्बोरेटर बसवला, राजीवनं कॅन आणून पेट्रोल ओतलं आणि सुनेत्रानं किल्ली फिरवली. हुकलेली पाळी तिला सगळ्यात शेवटी मिळाली. निम्म्या चढणीवर जीप कुरकुरली. "गेली!" राजाभाऊ ओरडले. सुनेत्रानं दात-ओठ खाऊन पाय दाबला, आणि धुरळा उडवत जीप माथ्यावर! वर उभं राहून ती अशी ओरडली, की शेतातले मोर उडाले.

खाली येते, तोच शेजारचा जीपवाला पळत आला. नव्या कार्बोरेटरसकट त्याची जीप मघाशी निम्म्यावरच बसली होती.

"मैडम, अदला-बदली कर लो। मेरा नया आप रखो, ये पुराना मुझे दे दो। छेद मैं मिला लूँगा।"

सुनेत्रानं तोंड उघडायच्या आत राजाभाऊ बॉनेटवर पालथे.

"नाही म्हणजे नाही! असला माल पुन्हा मिळतो होय? सुनेत्रा, सांगून ठेवतो, कुणी काहीही म्हणू दे, हा बदलायचा नाही!"

"बरं भाऊजी," सुनेत्रा म्हणाली, "तुम्ही म्हणता तर नाही बदलत."